मातीचा इतिहासकार : डॉ. ह. धी. सांकलिया

(द्वितीय वर्ष, कला)

आमचे गाव वढू बुद्रुक. गावाचे नाव सांगितले की ऐकणारा माणूस आदराने मान लववतो, कारण येथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. १६८९ साली भीमेच्या काठी काय घडले हे आमच्याकडच्या लहान पोरालाही सांगता येते. त्यामुळे शिरूर तालुक्याचा इतिहास तेथूनच सुरू होतो असा सर्वसाधारण समज आहे. परंतु याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. आणि तेथे मातीखाली जे गाव निघाले ते शिवकाळाच्याही सुमारे तीन हजार वर्षे आधीचे आहे. त्या गावाला राजाचे नाव नाही, बखर नाही, ताम्रपट नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसांचे ते गाव. ते ज्यांनी उकरून वाचले त्या मंडळींचे अग्रणी म्हणजे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. आपल्या कॉलेजच्या अंकात राजे, संत आणि पुढारी यांची चरित्रे दरवर्षी येतात. यंदा एका माती चाळणाऱ्या माणसाचे यावे म्हणून हा प्रपंच.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. बाळ इतके किरकोळ होते की ते जगेल अशी घरच्यांना आशा नव्हती. हेच बाळ पुढे ऐंशी वर्षे जगले आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे उन्हातान्हात नद्यांचे काठ तुडवीत हिंडले. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांच्या हाती लोकमान्य टिळकांच्या एका ग्रंथाचा गुजराती अनुवाद पडला. वेदांच्या आधारे आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाच्या प्रदेशात होते असे टिळकांनी त्यात मांडले आहे. पुस्तक मुलाला फारसे कळले नाही. दुसरा एखादा मुलगा ते मिटून खेळायला गेला असता. याने मात्र ठरवले की हे पुस्तक कळण्यासाठी संस्कृत आणि गणित हे दोन्ही विषय शिकायचे. विषय निवडण्याची ही रीत मला फार आवडली. आमच्यासारख्यांच्या घरी कॉलेजचे विषय सकाळची एस. टी. कोणती मिळते आणि तास किती वाजता सुटतो यावर ठरतात. मी इतिहास घेतला त्यातही एस. टी.चा वाटा मोठा आहे.

मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात त्यांनी संस्कृत घेऊन बी. ए. केले. तेथे फादर हेरास नावाचे स्पॅनिश धर्मगुरू इतिहास संशोधनाची संस्था चालवीत असत. त्यांच्या हाताखाली सांकलियांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला आणि १९३४ मध्ये तो पुस्तकरूपाने निघाला. येथपर्यंतचे त्यांचे सारे शिक्षण ग्रंथांतून झाले होते. नंतर ते पीएच. डी.साठी लंडनला गेले. गुजरातच्या पुरातत्त्वावर प्रबंध लिहून १९३६ मध्ये त्यांनी पदवी घेतली. पण पदवीपेक्षा मोठी गोष्ट त्यांना तेथे एका टेकडीवर मिळाली. ती ज्यांच्यामुळे मिळाली त्या गुरूची ओळख येथे करून द्यावी लागेल, कारण गुरूचे हात कोणत्या मातीत तयार झाले हे पाहिल्याशिवाय शिष्याचे काम नीट समजणार नाही.

मॉर्टिमर व्हीलर हे त्यांचे नाव. १९२१-२२ मध्ये त्यांनी वेल्समधील कार्नार्व्हन गावाजवळ सेगोंटियम नावाचा रोमन किल्ला खणला होता. किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिवनेरी नाहीतर सिंहगड उभा राहतो. सेगोंटियम तसा नाही. मेनाई नावाच्या समुद्राच्या खाडीवर नजर ठेवणारे ते अवघ्या साडेपाच एकरांचे, गोल कोपऱ्यांचे चौकोनी ठाणे आहे. इ. स. ७७-७८ च्या सुमारास रोमन सेनापती अग्रिकोला याने तो मुलूख जिंकल्यावर ते बसवले. आधी लाकडी बराकी होत्या, पुढे दगडी झाल्या. रोमन साम्राज्याच्या पार कडेला असलेल्या या ठाण्यावर शिपाई कोठले, तर तिसऱ्या शतकाच्या आरंभी ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील सुनिकी नावाच्या टोळीची पलटण तेथे होती. हे एका शिलालेखावरून कळते, आणि तो शिलालेखही कोणा लढाईचा नव्हे, तर जुनाट होऊन ढासळलेला पाण्याचा पाट दुरुस्त केल्याचा! मला तर साम्राज्याच्या सगळ्या विजयांपेक्षा हा पाटच अधिक खरा वाटतो. घरापासून शेकडो कोस लांब, समुद्राच्या वाऱ्यात पहारा करणाऱ्या माणसांना प्यायला पाणी हवेच ना! चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षे, ते ठाणे वापरात होते, असे तेथे मिळालेल्या नाण्यांवरून ठरते.

अशा ठाण्यात महाल किंवा खजिना मिळत नाही. बराकीच्या भिंतीचा पाया, पडवीची फरसबंदी, फुटकी भांडी, हरवलेले नाणे, राख एवढेच हाती येते. पण बराक पाडली, पुन्हा बांधली, मध्येच ओस पडली, पुन्हा माणसे आली हे सारे मातीच्या थरांत राहते. खालचा थर जुना आणि वरचा नवा, हे तर उघडच आहे. आमचे जुने घर पाडले तेव्हा जमिनीची एक ढेप निघाली, तिच्या कडेला शेणाच्या सारवणाचे पापुद्रे एकावर एक दिसत होते. आजीने तेवढ्यावरून लग्न, बाळंतपण, दिवाळी अशी वर्षे सांगायला सुरुवात केली. व्हीलरसाहेबांचे शास्त्र याच जातीचे होते, फक्त त्यांनी त्याला कडक शिस्त लावली. जमीन दोरीने चौकोनांत आखायची, दोन चौकोनांच्या मध्ये न खणलेल्या मातीचा बांध राखायचा, म्हणजे बांधाच्या बाजूला थर वाचता येतात. प्रत्येक वस्तू कोणत्या थरातून निघाली ते लगेच लिहून ठेवायचे. थर हुकला की वस्तू मुकी झाली.

१९३४ ते १९३७ या काळात व्हीलर इंग्लंडच्या दक्षिणेला मेडन कॅसल या प्रचंड मातीच्या किल्ल्यावर काम करीत होते. तो रोमनांचा नव्हे, रोमनांच्या आधीच्या स्थानिक लोकांचा. शेकडो विद्यार्थी तेथे शिकायला येत आणि त्यांतच हा मुंबईचा संस्कृतचा पदवीधर होता. तेथे एका खड्ड्यात समुद्रकाठावरून आणलेले वीस हजारांहून अधिक गुळगुळीत गोटे निघाले. ते होते गोफणीचे गोटे. आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आली की अजूनही राखणीला गोफण काढतात, तेव्हा गोट्यांच्या त्या ढिगाचा अर्थ मला कोणी समजावून सांगावा लागला नाही. व्हीलर यांचे मत असे होते की इ. स. ४३ मध्ये रोमन फौजेने हल्ला करून हा किल्ला घेतला आणि दरवाजाजवळ सापडलेले सांगाडे त्या लढाईतले आहेत. पुढच्या संशोधकांनी या मताला बऱ्याच शंका काढल्या आहेत. पण व्हीलर यांनी थर इतके नीट नोंदले होते की त्यांच्याशी भांडायलासुद्धा त्यांचीच नोंद उपयोगी पडते. ही गोष्ट त्यांच्या शिष्यालाही पुढे लागू पडली.

१९३९ साली पुण्यात डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. जुने कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले होते. सांकलिया तेथे प्राचीन भारतीय इतिहासाचे प्राध्यापक म्हणून आले आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. ज्यांच्या पुस्तकाने त्यांना या वाटेला लावले ते टिळक त्याच कॉलेजातून १८७७ मध्ये बी. ए. झाले होते. आमच्या गावाहून पुण्याला जाताना नगर रस्त्याने येरवडा लागते, तेथेच हे कॉलेज आहे. या वर्षी आमची इतिहासाची सहल तेथील वस्तुसंग्रहालयात गेली होती. काचेच्या कपाटातली मडकी पाहताना मैत्रिणी दागिने कोठे आहेत असे विचारीत होत्या.

त्या काळी आपल्याकडे पुरातत्त्व म्हणजे लेणी, मंदिरे, शिलालेख आणि नाणी. सांकलियांनी दगडी हत्यारे आणि खापरे हाती घेतली. १९४१ मध्ये ते गुजरातेत साबरमतीच्या काठी अश्मयुगीन हत्यारांच्या शोधात गेले आणि पुढे लांघणज येथे त्यांना वाळूच्या टेकाडात बारीक गारगोटीच्या हत्यारांबरोबर माणसांचे सांगाडे मिळाले. त्या कामात इरावतीबाई कर्वे त्यांच्यासोबत होत्या. एकाच संस्थेतली ही दोन माणसे, एक हाडांवरून माणूस ओळखणारी आणि एक दगडांवरून, अशी वाळूत बसून काम करताना कशी दिसली असतील याचे चित्र मी पुष्कळदा मनाशी रंगवते.

१९४५-४६ मध्ये मो. गं. दीक्षित यांच्यासह त्यांनी कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचे टेकाड खणले. तेथे त्याच सुमारास काशाच्या वस्तूंचा एक साठा मिळाला होता. त्यात पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवतेची एक सुरेख छोटी मूर्ती होती. आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहे. समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून कोल्हापुरात कसा आला? मूर्ती सुंदर आहे हे कोणीही सांगेल, पण ती कोणत्या काळात येथे आली हे टेकाडातले थर सांगतात. सातवाहनांच्या राजवटीत, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, रोमन जगाशी आपला व्यापार चालत असे. सोपारा, कल्याण, चौल ही आपली बंदरे, आणि घाट चढून माल पैठण, तेर अशा पेठांना जाई. आणखी एक गंमत येथे सांगते. तांबड्या समुद्रातील फरासान बेटावर इ. स. १४३-४४ चा एक लॅटिन शिलालेख मिळाला आहे. त्यावरून त्या बेटावर रोमन फौजेची एक तुकडी होती हे कळते. सेगोंटियम हे साम्राज्याचे एक टोक, फरासान हे दुसरे, आणि या दुसऱ्या टोकाच्या पुढे जी जहाजे येत ती आमच्या कोकणच्या किनाऱ्याला लागत. रोमचे ठाणे आपल्या किनाऱ्यावर बसले नाही, त्यांची मडकी तेवढी आली.

ती मडकी सांकलियांना नेवाशाला भेटली. नेवासे म्हणजे ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवर निरूपण केले ते क्षेत्र, नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर), प्रवरेच्या काठचे. १९५४ ते १९५६ या काळात तेथील लाडमोड नावाच्या टेकाडात उत्खनन झाले. वरच्या थरांत मराठा आणि मुसलमानी काळ, त्याखाली सातवाहन काळ. त्या थरात दोन कानांच्या, बुडाशी निमुळत्या रोमन रांजणांचे तुकडे मिळाले. असे रांजण तिकडे दारू आणि तेल भरून जहाजात रचीत असत. त्याच्याही खाली तांब्याची आणि दगडाची हत्यारे एकत्र वापरणारे लोक, आणि नदीच्या गाळात तर त्याहून फार जुनी अश्मयुगीन हत्यारे. एकाच गावात इतिहासाच्या पायऱ्या उतरत उतरत इतिहासापूर्वीच्या काळात जाता आले. ताम्रपाषाण थरात लहान मुलांना दोन मडक्यांत घालून, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेले आढळले. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांत ओवलेल्या धाग्याचे अवशेषसुद्धा शिल्लक होते. या मुलाचे नाव कोणालाही कधी कळणार नाही, पण त्याच्या आईने माळ काढून घेतली नाही एवढे कळते. मला वाटते, इतिहासात हेही लिहिले गेले पाहिजे.

याआधी १९५०-५१ मध्ये त्यांनी संगमनेरजवळ जोर्वे येथे उत्खनन केले होते. तांबड्या मडक्यांवर काळ्या रेघांची नक्षी, तोटीची भांडी, तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी. त्या गावावरून महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती हे नाव मिळाले. एका खेड्याचे नाव जगातल्या पुस्तकांत गेले आणि ते कोणा सरदाराच्या पराक्रमाने नव्हे, कुंभाराच्या हाताने गेले!

मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी महेश्वर आणि नावडातोली येथेही त्यांनी मोठे काम केले. नावडातोलीच्या तोटीच्या पेल्यांत त्यांना इराणमधील जुन्या भांड्यांशी साम्य दिसले आणि हे लोक पश्चिमेकडून आलेले असावेत, कदाचित आर्यच असावेत, अशी त्यांची कल्पना झाली. पंधराव्या वर्षी पडलेला प्रश्न अजून सुटला नव्हता असेच म्हणायचे! हे मत पुढे टिकले नाही. त्यांच्या स्वतःच्या शिष्यांनीही पुढे या संस्कृतींची मुळे येथल्याच मातीत शोधली. रामायणावरही त्यांनी १९७३ मध्ये एक पुस्तक लिहिले. रावणाची लंका आजच्या श्रीलंकेत नव्हे तर मध्य भारतात असावी असे त्यात मांडल्याने मोठा गदारोळ झाला. या पुस्तकाबद्दल माझे मत जरा वेगळे आहे. त्यात पाय जमिनीपेक्षा ग्रंथावर अधिक आहेत, आणि ग्रंथाचा अर्थ प्रत्येकजण आपल्या परीने लावतो. सांकलियांचा खरा अधिकार खणलेल्या चौकोनात होता.

त्यांच्या उत्साहाची एकच गोष्ट सांगते. १९६९ मध्ये वयाच्या साठीत ते काश्मीरला गेले. पहलगामला लोक बर्फ आणि देवदार पाहतात. हे लिद्दर नदीच्या दगडगोट्यांत वाकून शोधीत राहिले आणि त्यांनी तेथून आदिमानवाची दगडी हत्यारे काढून दाखवली.

आता इनामगाव. १९६८ पासून १९८३ पर्यंत बारा हंगाम तेथे उत्खनन चालले. सांकलियांबरोबर म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी हे दोघे होते. सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले, पुढल्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले, पण इनामगाव चालूच राहिले. अशा उत्खननात कुदळ-पाटी चालवणारे हात नेहमी आसपासच्या गावांतलेच असतात. मध्ये १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. आजी त्या दुष्काळात खडी फोडायला जात होती, सुकडीच्या गोष्टी ती आजही सांगते.

पुरातत्त्वात पूर्वी एखादा उभा खड्डा घेऊन थर तपासून थांबण्याची पद्धत होती. इनामगावात तसे न करता जमीन आडवी, ऐसपैस उघडली गेली, म्हणून पुरे गाव दिसले. १३० हून अधिक घरे मिळाली. इ. स. पू. १६०० च्या सुमारास लोक तेथे प्रथम आले आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. भरभराटीच्या काळातली घरे चौकोनी, कुडाच्या भिंतींची, ओळीत बांधलेली. कुंभाराचे घर वेगळे, त्याची भट्टी वेगळी. धान्याचे कोठार. बार्ली, म्हणजे जव, हे मुख्य पीक. नदीचे पाणी वळवून आणलेला पाट. आणि गावाभोवती दगडमातीची तटबंदी व खंदक. पहा, येथेही तट आला आणि पाट आला. सेगोंटियमला ते सम्राटाच्या हुकमाने झाले. आमच्या घोड नदीकाठी पंधराशे वर्षे आधी ते कोणाच्या हुकमाने झाले?

याचे उत्तर खणणाऱ्यांनी एका घरात शोधले. मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर होते आणि कोठार त्याच्या शेजारी. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या, पोट सुटलेल्या एका मोठ्या मातीच्या रांजणात सुमारे चाळिशीचा एक पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला मिळाला. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडण्याची चाल होती. मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून ही तजवीज असावी असा तर्क आहे. आमच्याकडे भुताचे पाय उलटे असतात असे सांगतात, म्हणजे पायांविषयीची भीती बरीच जुनी दिसते. या रांजणातल्या माणसाचे पाय मात्र शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा असे अनुमान त्यावरून काढले आहे. मला ते पटते, तरी एक शंका राहते. ज्याचे पाय तोडले नाहीत तो मानाचा होता, की त्याची कोणाला भीतीच नव्हती? एका घरात कच्च्या मातीच्या झाकणाच्या डबीत देवीची मूर्ती, झाकणावर डोके नसलेली दुसरी देवी आणि जवळ बैल असेही मिळाले. आमच्या देव्हाऱ्यात तांदळा आहे, त्यालाही डोके नाही.

इ. स. पू. १००० नंतर पाऊस कमी कमी होत गेला असे अभ्यासक मानतात. चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, नक्षीची मडकी ओबडधोबड झाली, शेती आटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भिस्त वाढली. तीनशे वर्षे लोक तशाही स्थितीत तेथे चिवटपणे राहिले आणि मग गेले. शिरूर तालुक्यात पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. ही सारी हकीकत कोळशाचे दाणे, हाडे, जळके धान्य आणि खापरे यांतून जुळवलेली आहे. सांकलियांनी डेक्कन कॉलेजात वनस्पती, हाडे, माती यांचा शास्त्रीय अभ्यास करणारी माणसे एका छपराखाली जमवली. उतारवयातही परदेशातले नवे विचार वाचून १९७७ मध्ये त्यांनी नव्या पुरातत्त्वावर पुस्तक लिहिले. मराठी वाचकांसाठी म. श्री. माटे यांच्यासह महाराष्ट्रातील पुरातत्त्वावर एक ग्रंथ १९७६ मध्ये दिला. मी हे सगळे प्रथम त्यातूनच वाचले. आपल्या ग्रंथालयातली प्रत बांधणीतून सुटली आहे, पण पाने सगळी आहेत.

येथे थोडे घरचे लिहावे लागेल. खेड्यात जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचे. जुने गाव मोडून दुसरीकडे बसले की मागे पांढरीचे टेकाड उरते. राख, शेण, कुजलेले छप्पर, हाडे यांची ती माती खतासारखी असते, म्हणून लोक ती शेतात टाकतात. माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर आहे, हप्ते अजून चालू आहेत. उन्हाळ्यात ते मातीच्या खेपा करतात आणि त्यांत पांढरीच्या खेपाही असतात. माझी कॉलेजची फी त्या भाड्यातून येते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. सांकलियांचे पुस्तक वाचताना मी वडिलांना विचारले की टेकाड कापताना आत काय दिसते. शाळा चौथीत सोडलेल्या वडिलांनी हाताने हवेत थर आखून दाखवले. वर भुसभुशीत, मग राखेचा काळा पट्टा, मग चोपलेली जमीन, त्यावर चुलीची तांबडी भाजलेली माती, पुन्हा राख, आणि पार खाली पिवळी, जिला फावडे लागत नाही. खापरे निघतात ती चाळून रस्त्याच्या कडेला टाकतात, कारण शेतात ती पायाला लागतात. व्हीलरसाहेबांनी विद्यार्थ्यांना जे दोन-तीन हंगामांत शिकवले ते वडिलांना ट्रॅक्टरवर बसून कळले आहे, फक्त बांध राखायला त्यांना कोणी पैसे देत नाही.

सरकारने ज्या जागा संरक्षित म्हणून जाहीर केल्या त्यांना कायद्याचे कुंपण आहे. बाकीच्या असंख्य पांढरी तशाच उघड्या आहेत आणि आता तर शहर नगर रस्त्याने आमच्यापर्यंत पोचले आहे. प्लॉट पडतात, टेकाडे सपाट होतात. वडिलांना मी खेपा बंद करा असे सांगू शकत नाही, आणि सांगितले तरी दुसरा ट्रॅक्टर येईल. सांकलिया पायी हिंडत असत तेव्हा जेथे खापर दिसे तेथले गाव, नदी, काठ आणि उंची वहीत उतरून घेत. तेवढे मला करता येते. एका वहीत मी आतापर्यंत सात गावांच्या पांढरी लिहिल्या आहेत. कोणत्या बाजूने कापली, किती पुरुष खोल, काय दिसले. त्यातल्या चार वडिलांनी सांगितल्या.

सांकलियांनी १९७८ मध्ये इंग्रजीत आत्मचरित्र लिहिले. इनामगावच्या उत्खननाचा मोठा अहवाल ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी या तिघांच्या नावांनी १९८८ मध्ये छापून निघाला. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात सांकलियांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ऐंशी वर्षांचे होते.